पेजेचो कौल

समर्थाचा चेहरा आता सगळ्यांना माहीत आहे. कणकवलीच्या थेटरावर त्याचे तोंड एवढे मोठे लावतात की नाकपुडीत कावळा बसावा. पण आमच्या हुमरणवाडीत त्याला अजून ‘दाजी गुरवाचो झील’, म्हणजे दाजीचा मुलगा, म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नव्हे. दाजी कोण ते सांगितल्याशिवाय झिलाचे सांगता येत नाही, म्हणून आधी दाजी.

मसुऱ्याहून आत वळले की खाडीच्या वरच्या अंगाला आमचा गाव. गावची देवी सातेरी. तिला कौल लावायचा मान दाजीच्या घराचा. तगरीच्या कळ्या पाण्यात बुडवायच्या, पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक चिकटवायची, गाऱ्हाणे घालायचे आणि थांबायचे. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मुलगी कुठे द्यावी, विहीर कुठे खणावी, मुंबईची नोकरी सोडून गावात यावे की नाही, सगळे याच्यावर. आमच्याकडे शिकलेली माणसेही कौल लावतात, फक्त ती गाडी जरा लांब उभी करतात.

दाजीकडे दुसरे काय होते? थोडी काजूची कलमे, भाताचे दोन कुणगे. घराचे कौलारू छप्पर पावसापूर्वी दरवर्षी त्रास द्यायचे. पण दोन भाऊ बांधावरून कोर्टात जाईपर्यंत भांडले, तरी ‘दाजीन लावलेलो कौल आसा’ म्हटल्यावर गप्प बसायचे. देवीवर विश्वास सगळ्यांचाच असतो. इथे तो दाजीच्या बोटांवर होता. त्याचा एक नेम होता, बापाकडून आलेला. ज्याला कौलातून काही हवे आहे, त्याने कळीला हात लावायचा नाही. स्वतःच्या मुलीचे, शेवंतीचे स्थळ विचारायचे होते तेव्हा दाजीने वरच्या वाडीतल्या आपल्या पुतण्याला, गुरुदासाला कळ्या लावायला बोलावले आणि स्वतः मंडपात खाली बसून राहिला. कौल डावा आला. स्थळ चांगले होते. शेवंती रडली, आणि मग घरीच राहिली. शेत, काजू तीच बघू लागली.

समर्थ हा दाजीचा धाकटा. लहानपणापासून दशावताराच्या मागे. आमच्या भागातल्या एका मंडळीत तो राक्षसाचे काम करायचा आणि त्याचा दोस्त परशुराम राजाचे. परशुराम उंच, आवाज भरलेला, चालला की मखर चालल्यासारखे वाटे. समर्थ मध्यम बांध्याचा, पण डोळे असे की समोरच्याने आधी खाली बघावे.

दशावतारात लिहिलेले बोलणे नसते. आख्यान तेवढे ठरवायचे, बाकी उभ्या उभ्या बोलायचे. त्यामुळे एक सांभाळायचे असते, समोरचा अडला तर त्याला वाट काढून द्यायची. मंडळीत दत्ताराम म्हणून जुना स्त्रीपार्टी होता. वय झालेले, पण लुगडे नेसला की अजून बायका टक लावून बघायच्या. एका प्रयोगात तो राणी होता आणि राणीच्या बापाचे नाव विसरला. समर्थाला ते कळले. राक्षस म्हणाला, “राणी, तुझ्या बापाचं नाव सांग, मग तुला सोडतो.” दत्तारामने बोलणे दुसरीकडे वळवले. राक्षसाने पुन्हा तेच विचारले. मग पुन्हा. लोक आधी फिदीफिदी आणि मग खदाखदा हसले. पुढच्या हंगामाला दत्ताराम घरीच राहिला.

परशुराम म्हणाला, “तू तेका नाव सांगूक होयां होतां रे.”

“सांगलंय असतंय तर माका टाळी गावली असती?”

“तेची लाज रवली असती.”

“मगे ती तेची. माका काय?” समर्थ म्हणाला. रागाने नाही. हिशेब चुकलेल्याला समजावून सांगावे तसे.

अशात सिनेमावाले आले. मालवणात बेकरी असलेल्या पास्कलची मुलगी वेनेसा मुंबईत सिनेमासाठी नट शोधायचे काम करायची. तीच त्या दिग्दर्शकाला घेऊन आली. काम होते सख्ख्या भावाला होडीतून ढकलून देणाऱ्या मच्छीमाराचे. देवळाच्या अंगणात सकाळच्या उन्हात दोघांना करायला लावले. दिग्दर्शक परशुरामाकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, “हा माणूस पाहिजे.” समर्थाला म्हणाला, “तुम्हीपण छान केलंत.” हे वाक्य कशाला असते ते समर्थाला ताबडतोब कळले.

वेनेसा त्याला बाजूला घेऊन म्हणाली, “तुझां नाव मी सांगलंय. पण तेंका उंच माणूस होयो.”

“बरां झालां गो. परश्याक गावलां म्हणजे माकाच गावलां,” समर्थ म्हणाला आणि परशुरामाच्या पाठीवर थाप मारली.

परशुराम मात्र म्हणाला की देवीला विचारल्याशिवाय सांगणार नाही. मंडळी हंगामाच्या मध्यात सोडायची, घर सोडायचे, म्हणजे कौल लावायलाच हवा. दिग्दर्शक हसला. “उद्या दुपारपर्यंत कळवा,” म्हणून मालवणला लॉजवर गेला.

दुसऱ्या दिवशी दाजीच्या डोळ्याला पट्टी होती. मोतीबिंदू काढून नुकताच घरी आला होता, आणि दुसऱ्या डोळ्यानेही धूसरच दिसे. गुरुदास काजूच्या खरेदीला वैभववाडीकडे गेलेला. परशुराम म्हणाला, “दाजी, समर्थ लावंदे. तो माझोच माणूस.”

दाजीने मुलाला विचारले, “तुझां हेच्यात काय नाय मां?”

“माझां काय आसतलां?” समर्थ म्हणाला. “परश्याचां बरां झालां तर माकाच बरां.”

पुढचे आम्हाला बऱ्याच वर्षांनी कळले, पण सांगायचे ते इथेच. चुलीवर सकाळची पेज होती. समर्थाने करवंटीत तिचे वरचे दाट पाणी घेतले आणि ती पानाखाली झाकून देवळात नेली. उजवी कळी त्याने पेजेत बुडवली. डावीला पाण्याचा नुसता थेंब लावला.

दाजीने गाऱ्हाणे घातले. डोळा बांधलेला, पण आवाज खणखणीत. “बाये सातेरी, हो परशुराम तुझ्या दारात उभो आसा. मुंबैक सिनेमात जावचां म्हणता. तेणी जाणां बरां असात तर उजवो दी, नसात तर डावो दी.” बोलणे संपते न संपते तोच डावी कळी घरंगळली.

“काय पडलां रे?” दाजीने विचारले.

“डावो,” समर्थ म्हणाला.

परशुराम खाली वाकला, कळी उचलली, कपाळाला लावली. घरी जाऊन बायकोला म्हणाला, “आनंदी, बांधलेली बॅग सोड.” एवढेच.

दुपारी समर्थ मोटारसायकलवरून मालवणला लॉजवर. तिथे तो शुद्ध बोलायचा. “साहेब, परशुराम येत नाही. देवीने नाही सांगितलं. आम्ही मानतो हो हे सगळं. तुमचा खोळंबा नको म्हणून मी आलो. एक करून दाखवू?” आणि त्याने परशुरामाचे कालचे सगळे काम जसेच्या तसे केले, तीच मान, तोच श्वास. शेवटी एक स्वतःचे घातले. भावाला ढकलल्यावर तो वाकला आणि समुद्राच्या पाण्यात सावकाश हात धुतले, जेवायला बसायच्या आधी धुतात तसे.

दिग्दर्शकाने पुन्हा उंचीचा विषय काढला नाही.

सिनेमा चालला. नायक कोण होता ते आता आठवत नाही. हात धुणारा लोकांच्या लक्षात राहिला. मग दुसरा सिनेमा, मग हिंदी. मुंबईत पहिली वर्षे तो वेनेसाच्या मावशीकडे, फ्रान्सिस्काबाईंच्या घरी वांद्र्याला राहिला. जेवायला, धुवायला तिथेच. त्याचे फोन वेनेसा घ्यायची, कुठल्या कामाला हो म्हणायचे ते ती ठरवायची, आणि बरोबर ठरवायची. एके दिवशी मोठी कंपनी त्याच्या कामाचे बघायला तयार झाली. वेनेसाला ते मोबाइलवरच्या निरोपाने कळले. निरोपात ‘थँक्यू’ होते. मावशीकडली ट्रंक न्यायला ड्रायव्हर आला.

सिनेमात दोघांचे बोलणे असले की आधी एकाच्या तोंडावर कॅमेरा, मग दुसऱ्याच्या. ज्याचे काम झाले, त्याने कॅमेऱ्यामागे उभे राहून दुसऱ्याला बोलायला मदत करायची. समर्थ आपल्या वेळी समोरच्याकडून सगळे काढून घ्यायचा, रडायलासुद्धा लावायचा. समोरच्याची वेळ आली की मात्र स्वतः गाडीत जाऊन बसायचा. समोरचा बिचारा त्याच्या जागी उभ्या केलेल्या लाकडाच्या दांड्याकडे बघून संवाद म्हणायचा. पडद्यावर मग समर्थ चांगला दिसायचा आणि समोरचा दांड्याशी बोलल्यासारखा.

नाताळला घरी आली की वेनेसाला लोक त्याच्याविषयी विचारायचे. ती सांगायची, “तो काय वायट नाय. तेका फक्त आपण दिसता. कॅमेऱ्याक पण तोच दिसता. म्हणान दोघांचां जमता.”

इकडे परशुराम मंडळीतच राहिला. वेनेसाने त्याला मालिकेसाठी फोन केला. तो नको म्हणाला. पुढे एका सिनेमासाठी केला, तेव्हाही नको. आमच्याकडे एका गोष्टीचा कौल एकदाच लावतात. पुन्हा विचारणे म्हणजे देवी खोटी बोलली असे म्हणण्यासारखे. त्यामुळे त्याने पुन्हा विचारले नाही. हंगामात रात्रभर राजा व्हायचा, पावसाळ्यात नांगर धरायचा. समर्थाचा सिनेमा लागला की बायकोला घेऊन बघायला जायचा आणि तो किती चांगले काम करतो ते येताना टेम्पोत सांगायचा.

मग गेल्या वर्षी ती मुलाखत झाली. मोबाइलवर बघायची, हसण्याखिदळण्याची. मुलाखत घेणाऱ्याने विचारले, “पहिला ब्रेक कसा मिळाला?” समर्थाने पेजेची गोष्ट सांगितली. करवंटी, पान, डोळ्याला पट्टी बांधलेला बाप, ‘काय पडलां रे?’ हे बापाच्या आवाजात. मुलाखत घेणारा हसून खुर्चीतून सरकला. समर्थही हसला. दोन दिवसांत ती सगळ्या गावाच्या मोबाइलवर आली.

शेवंतीने दाजीला दाखवली नाही. दाजीनेच मागितली. एकदा बघितली, मग म्हणाला, “परत लाव.” परत बघितली. मग टोपी घातली आणि मानकऱ्यांच्या घरी जाऊन सांगून आला की सोमवारी सकाळी गाव देवळात बसवा.

गावात तोवर जो तो आपापले कौल उकरायला लागला होता. लक्ष्मी म्हणून आमच्याकडे एक तोंडाळ बाई आहे, ती पाणंदीत दाजीच्या अंगावरच गेली. “दाजीनूं, माझ्या बावडेचो कौल खरो होतो की तेकापण पेज लायलेली? पाणी अजून लागाक नाय.”

“तुझ्या घोवान बावडी अर्धी खणून सोडल्यान,” दाजी म्हणाला. “देवी येवन खणतली?”

बोलला खरा, पण घरी येऊन जेवला नाही. मान गेला तर त्याच्या बोटांना गावात काही काम उरणार नव्हते, आणि ते सगळ्यांना ठाऊक होते.

शेवंतीने समर्थाला फोन लावला. “ये आणि गावासमोर सांग की हसवूक म्हणान बोललंय. खोटां होतां म्हण. दाजीचो मान रवतलो.”

“येतंय,” तो म्हणाला.

सोमवारी सकाळी तो आला. बरोबर कॅमेरा घेतलेली एक मुलगी, नम्रता नावाची. शेवंतीने त्याला परसात नेले.

“एवढी वर्षां खोटां बोलान पैसे घेतंस. आज फुकट एकदा बोल.”

“नाय जमाचां गो,” तो म्हणाला. “हेच्यावर सिनेमा ठरलो. खरी गोष्ट म्हणान ठरलो. आता खोटां म्हटलंय तर सिनेमाच नाय. दाजीचां काम मीच करतलंय.”

“दाजीचां काम?”

“म्हाताऱ्याचां. मोठां काम आसा.”

शेवंतीने हातातला कोयता खाली ठेवला आणि ती देवळात न येता गोठ्यात गेली.

देवळात गाव बसला होता. दाजी खाली, गाभाऱ्याच्या पायरीला टेकून. गावाने विचारले, “समर्था, सांग. खरां काय खोटां?”

समर्थ उठला. हात जोडले. मालवणीत सुरुवात केली आणि जिथे गळा दाटायचा होता तिथे शुद्ध मराठीत शिरला. “मी पापी आहे. माझ्या बापाचा यात काडीचाही दोष नाही. त्यांच्या बांधलेल्या डोळ्यासमोर मी देवीला फसवलं.” आवाज फुटला, नेमका फुटायला हवा तिथे, आणि त्याने नाक पुसले. तीन-चार बायकांनी पदर डोळ्याला लावले. लक्ष्मीनेसुद्धा. नम्रता खांबाआडून सगळे टिपत होती.

मग गावाने परशुरामाला विचारले. नुकसान त्याचे झाले होते, बोलायचा हक्क त्याचा. तो सांगेल तसे करू, असे मानकरी म्हणाले. त्याने दाजीला वाचवले असते तर गावाने ऐकले असते. दाजीला ते माहीत होते. तो मान वर करून परशुरामाकडे बघत होता.

परशुराम उठून पुढे आला. मग म्हणाला, “दाजीचे हात चोख आसत. तेंच्या हातचे सगळे कौल खरे. पण उद्या कोण इलो तर तो देवीकडे बघूचो नाय, कळयेकडे बघतलो. ओली आसा काय चिकट आसा. मगे कौल कित्याक होयो? मान गुरुदासाक दिवा.”



“आणि तुझां?” मानकऱ्यांनी विचारले. “तुझो कौल झालोच नाय म्हणजे. परत लावतंस?”

“पंचेचाळीस वरसां झाली माका. आता कोणाक होयो मी?” परशुराम म्हणाला. मग समर्थाकडे वळला. “काम बरां केलंस. पण नाक पुसलंस तां लवकर पुसलंस.”

समर्थाने मान डोलावली. सूचना पटलेली दिसली.

दाजी उठला. कळ्यांचे तांब्याचे तबक गुरुदासाच्या हातात दिले. पाण्याची वाटी दिली. गुरुदास पाया पडायला लागला तर त्याला थांबवले. “माझ्या नको. तिच्या पड.” समर्थ दोन पावले पुढे आला आणि दाजीची बोटे तबक कशी सोडतात ते बघत राहिला. नम्रताला हळू म्हणाला, “हात घे. फक्त हात.”

मग दाजी मंडपात येऊन कौल मागणारे बसतात तिथे बसला आणि म्हणाला, “गुरुदासा, आता मी मागणारो. पयलो कौल माझो लाव.”

“कसलो कौल, दाजीनूं?”

“हो झील माझ्या घरात घेवचो काय नको, तां इचार. घेवचो असात तर उजवो, नको असात तर डावो.”

सगळ्यांनी समर्थाकडे बघितले. गुरुदास गाभाऱ्यात शिरला. त्याने कळ्या बुडवल्या, लावल्या, गाऱ्हाणे घातले. कळ्या हलेनात. सवय नसलेला हात, पाणी कदाचित जास्त झाले असेल. लोक बसून राहिले. समोरच्या माडावर कोणी नारळ काढत होता, त्याचा आवाज येत होता. समर्थ घटकाभर उभा राहिला. मग त्याने मोबाइल बघितला.

“दाजी, मोप्याच्या विमानतळावर पोचायची वेळ झाली. काय पडलं ते शेवंतीला कळवायला सांग,” तो म्हणाला. वाकून बापाच्या पायाला हात लावला, पावलांकडे नीट बघितले, आणि निघाला. नम्रता कॅमेरा बंद करीत त्याच्या मागोमाग. गाडी पाणंदीतून वळून रस्त्याला लागली तरी लोक बसलेलेच होते.

त्यानंतर पुष्कळ वेळाने कळी पडली.

“उजवो, दाजीनूं,” गुरुदास म्हणाला.

“बरां,” दाजी म्हणाला.

“समर्थाक फोन करूक सांगू शेवंतीक?”

“नको. कळलां तर तांपण सिनेमात घालतलो.” दाजीने गुडघ्यावर हात ठेवून उठायचा प्रयत्न केला, मग परत बसला, आणि कळीचे देठ किती ठेवायचे, ती खांद्यावर किती वर लावायची, पाणी कसे झटकायचे, ते गुरुदासाला सांगू लागला. लोक उठून कामाला गेले.